वाकडी होडी

नेमेसियोनं होडीचं नाक पुन्हा आपल्या उजवीकडे वाकडं केलं आणि सेसिल ग्रेनाल्डच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सरळ!" तो ओरडला. "सरळ घ्या म्हटलं ना, आब्रेगोसाहेब! कान पण विकले की काय?"

नेमेसियो आब्रेगो ढिम्म. वल्हवणारा जहाजाकडे पाठ करून बसतो, झेलणारा त्याच्यासमोर होडीच्या मागच्या टोकाला पाय फाकून उभा राहतो. म्हणजे पाळीचे आठ तास दोघांना एकमेकांची थोबाडं बघितल्यावाचून सुटका नाही. नेमेसियोनं मान वळवून जहाज किती लांब आहे ते पाहिलं, डावं वल्हं आणखी एकदा ओढलं आणि होडी होती त्याहून वाकडी केली.

वरून, धान्याच्या जहाजाच्या कठड्यावरून, दोरी सुटली. टोकाला मुठीएवढी घट्ट गाठ असते, तिला सगळे चेंडूच म्हणतात. फेकणारा नेहमी होडीच्या मध्यावर नेम धरतो. होडी वाकडी, त्यामुळे चेंडू आला तो सेसिलच्या उजव्या अंगाला. त्याला कंबर पिरगाळून, अर्धं धड पाण्यावर लोंबकळत तो झेलावा लागला. कालव्याच्या भिंतीवरची माणसं फिदीफिदी हसली.

"ग्रेनाल्ड, कार्निव्हलला अजून अवकाश आहे! आत्तापासून नाच कसला?"

सेसिलनं दात खाल्ले, भिंतीवरून आणलेल्या दोराला चेंडूची दोरी बांधली आणि वर हात केला. जहाजावरच्यांनी दोर ओढायला घेतला. त्याच्यामागून आता खेचरांची पोलादी तार वर जाणार होती. खेचरं म्हणजे भिंतीवरच्या रुळांवरून चालणारी इंजिनं. ती जहाजाला दोन्ही बाजूंनी ताणून धरतात आणि मिराफ्लोरेसच्या दरवाजांतून नीट आत नेतात. दोन महासागर जोडणारा कालवा म्हणून जगात डंका वाजतो, पण पहिली दोरी जाते ती दोन माणसांच्या वल्ह्याच्या होडीतून. साहेबलोकांनी म्हणे यंत्रं आणून पाहिली. होडीसारखं काही जमलं नाही.

"मुद्दाम करता तुम्ही," सेसिल म्हणाला. "मला माकड बनवायला."

"बांधलंस ना? मग बस खाली," नेमेसियो म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

एके काळी हे दोघे कोंपादरे होते. सेसिलच्या लेकीचा, दालिसचा, नेमेसियो धर्मबाप. बाप्तिस्म्याला पाण्यावर डोकं धरलं तेव्हा तान्ही दालिस त्याच्याच हातात होती. पोरीचा बाप आणि धर्मबाप एकमेकांना कोंपादरे म्हणतात, आणि ते नातं सख्ख्या भावाहून जड. अकरा वर्षं दोघं एका होडीत होते, एका डब्यात जेवले, एका बाटलीतून प्याले. मग दोन वर्षांपूर्वी होड्यांच्या शर्यतीचा दिवस आला. मिराफ्लोरेसविरुद्ध शेजारच्या पेद्रो मिगेलच्या दरवाजांवरचे होडीवाले. बायकापोरं भिंतीवर, ढोल वाजताहेत, आणि शेवटचा चेंडू सेसिलच्या डाव्या हातावरून पाण्यात गेला.

"कोंपादरे, हातात आला होता रे!" नेमेसियो सगळ्यांदेखत ओरडला. "दिसला नाही का तुला?"

सेसिलनं उत्तर दिलं ते मुठीनं. नेमेसियोचा पुढचा एक दात पडला आणि त्याच्याबरोबर कोंपादरे हा शब्दही पडला. दुसऱ्या दिवसापासून अरेतुरेचं अहोजाहो झालं, तेही सेसिलकडून, खवचटपणे. नेमेसियो 'तू'च म्हणत राहिला, पण कामापुरतं. जोडी बदलून मागण्याची रीत होडीवाल्यांत नाही. बोटीतलं बोटीत राहायचं. तेव्हा दोघं रोज एकमेकांना पाण्यात पाहत पाण्यावर जात होते.

आता सेसिलच्या पोटातली गोष्ट. डाव्या डोळ्यात काचबिंदू होता. रिओ आबाहो वस्तीतल्या डॉक्टरणीनं दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं की या डोळ्याची नजर गेली ती गेली, उजवा थेंबांनी सांभाळा. हे माहीत फक्त दालिसला, आणि तिच्याकडून त्यानं शपथ घेतली होती. वर्षातून एकदा कामावर तपासणी व्हायची. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं तो पाठ म्हणून दाखवायचा. एका डोळ्यानं सगळं दिसतं, झेलतोय की मी, असं तो स्वतःला सांगायचा. आणि खरंच दीड वर्षात एकही चेंडू सुटला नव्हता. त्याच्या मनात हा त्याच्या हातांचा पराक्रम होता, त्या वाकड्या वल्हवणाऱ्याला पुरून उरलेला.

होडी गेली की आपण संपलो, हे तो जाणून होता. त्याच्या बापानं एकतीस वर्षं खेचरांच्या चाकांना वंगण घातलं आणि भिंतीवरून पाण्याकडे बघत बघत तो म्हातारा झाला. घराण्यातला पहिला माणूस पाण्यावर उतरला तो सेसिल. सत्तावन्न वर्षांचं वय, हातांवर दोरांचे घट्टे, आणि गल्लीत 'झेलणारा ग्रेनाल्ड' ही ओळख. ती काढून घेतली तर उरतं काय? काठावरच्या शेडमधे चिखलाचे दोर धुणारा एक थेरडा.

रविवारी दालिस जेवायला आली. तिचं लग्न ठरलं होतं. नारळाच्या दुधातला तुरीच्या दाण्यांचा भात ताटात वाढता वाढता तिनं विषय काढला.

"पपा, लग्नात धर्मबाप माझ्या उजव्या हाताला बसणार आहेत."

"तो आला तर मी नाही येणार."

"नका येऊ."

सेसिलचा चमचा हातातच राहिला. "काय म्हणालीस?"

"तुमचं भांडण तुमच्यापाशी. तुम्ही दोघं कोंपादरे नाही राहिलात, ठीक. पण धर्मबाप माझा आहे. तुम्ही दात पाडलात म्हणून ते नातं पडत नाही." मग ती खाली बसली, आवाज उतरला. "एक ऐका माझं. काही झालं तरी होडीत त्यांच्याबरोबरच राहा."

"का?"

"चांगले वल्हवतात ते."

"चांगले? वाकडं वल्हवतो तो हरामखोर! आख्ख्या भिंतीसमोर माझी कंबर मोडतो! आणि तू माझी लेक असून त्याची वकिली करतेस?"

"पपा, तुम्हाला काही कळत नाही," दालिस म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

झालं. नाकाला मिरच्या झोंबल्या. घरातलीच माणसं फितूर, तर मग कसली रीत आणि कसलं काय! सोमवारी सकाळी पाळी लागायच्या आधी सेसिल मुकादमबाईंच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

मित्सिलाबाई हातातला कॉफीचा पेला खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. बाई कडक, पण माणसं ओळखून होत्या.

"ग्रेनाल्ड, तेरा वर्षांत माझ्याकडे एकाही होडीवाल्यानं जोडीदाराविरुद्ध कागद दिलेला नाही."

"मी पहिला."

"काय लिहायचंय?"

"नेमेसियो आब्रेगो मुद्दाम होडी वाकडी धरतो. नियम आहे की नाक जहाजाकडे सरळ हवं. मी ओरडून सांगतो तरी उजवीकडे वळवतो. रोज. एक दिवस मी पाण्यात जाईन आणि जहाज माझ्यावरून जाईल."

"एकदा लिहिलंस की मला ते गिळता येणार नाही. पुन्हा विचार कर."

"दोन वर्षं विचारच करतोय, बाई." आणि त्यानं कागदावर लिहून खाली झोकदार सही केली.

दुपारी हत्यारांच्या खोलीत सगळ्या पाळीसमोर दोघांना उभं केलं. मित्सिलाबाईंनी कागद वाचून दाखवला. वाचून झाल्यावर कोणी हसलं नाही. ज्या लोकांनी त्याला नाचण्यावरून चिडवलं होतं तेच आता सेसिलकडे असं बघत होते की जणू त्यानं जेवणात थुंकलंय.

"आब्रेगो, होडी वाकडी धरतोस?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो."

"का?"

नेमेसियोनं सेसिलकडे पाहिलं. पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवली. "मला तसंच जमतं," तो म्हणाला.

"हे उत्तर झालं का? तुझ्यासारखा वल्हवणारा या बाजूला दुसरा नाही. मला कारण दे, मी कागदावर लिहिते."

"कारण नाही."

"बघा!" सेसिल ओरडला. "बघा सगळ्यांनी! तोंडानं कबूल करतोय! दोन वर्षांचा डूख आहे हा! एका दाताचा सूड!"

मित्सिलाबाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. नेमेसियोला होडीवरून उतरवलं आणि दोरांच्या शेडमधे धाडलं. सेसिलच्या होडीत आता ओस्मार रुदास येणार होता, शर्यतीत दोन वर्षं पहिला आलेला, पस्तिशीचा, सुतासारखी सरळ होडी चालवणारा गडी.

दारातून बाहेर पडताना नेमेसियो ओस्मारपाशी थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "नाक जरा उजवीकडे ठेवत जा. त्याच्या..."

"ए!" सेसिल मधे घुसला. "तुझे धंदे त्याला शिकवू नकोस! गेलास ना होडीतून? मग तोंड घेऊन जा!" रागाच्या भरात अहोजाहोसुद्धा विसरला.

नेमेसियोनं खांदे उडवले. "जशी तुझी मर्जी," तो म्हणाला आणि शेडकडे चालू लागला. त्या रात्री सेसिल कित्येक महिन्यांनंतर गाढ झोपला. जिंकलेला माणूस झोपतो तसा.

दुसऱ्या दिवशी पहिलं जहाज मोटारींचं होतं, खिडकी नाही दार नाही असं उभंच्या उभं पत्र्याचं घर. ओस्मारनं होडी नेली ती अशी सरळ की सेसिलच्या डोळ्यात पाणीच यायचं बाकी होतं. ह्याला म्हणतात वल्हवणं! भिंतीवर मित्सिलाबाई स्वतः येऊन उभ्या होत्या. सेसिलनं पाय फाकले, हात सैल सोडले आणि वर पाहिलं.

फेकणाऱ्यानं हात फिरवला. दोरी सुटली, आभाळात एक रेघ दिसली आणि मग काहीच दिसलं नाही. कुठेतरी पाणी उडाल्याचा आवाज आला.

"नेम धर की रे!" सेसिल वर ओरडला. "डोळे घरी ठेवून आलास का?"

वरचा माणूस दोरी गोळा करत खाली बघत राहिला. दुसऱ्यांदा फेकली. पुन्हा रेघ, पुन्हा पाण्याचा आवाज. यावेळी सेसिलच्या डाव्या गालावर शिंतोडे उडाले.

"अरे आंधळ्या! सरळ फेक!"

"सेसिलकाका," ओस्मार हळूच म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "दोन्ही तुमच्या डाव्या हाताशीच आले होते."

"खोटं बोलू नकोस!"

"हाताला लागायचेच बाकी होते, काका."

जहाज थांबत नाही. भिंतीच्या टोकापासून ते आता दोनशे हातांवर होतं आणि तार गेलेली नव्हती. वाटाड्या कप्तानाचा आवाज भिंतीवरच्या वायरलेसमधून शिव्या देत होता. जहाजाच्या नाकानं ढकललेलं पाणी होडीखाली उचंबळायला लागलं. तिसराही चेंडू सुटला तर जहाजाला मागे ओढायला टगबोट बोलवावी लागणार आणि तोपर्यंत त्या भिंतीच्या आणि पत्र्याच्या मधे होडीसकट काय होणार हे दोघांनाही ठाऊक होतं. सेसिलला फक्त एवढंच कळत होतं की वरचा माणूस दिसतोय, रेघ दिसते, आणि चेंडू जिथं पडतो तिथं जगच नाही. तो अंगातलं सगळं बळ काढून ओरडला,

"वाकडी कर! नाक तुझ्या उजवीकडे घे!"

"काय?"

"उजवीकडे वाकडी कर होडी! आणखी! अजून आणखी, लवकर!"

ओस्मारनं डावं वल्हं ओढलं. होडी फिरली. आणि फिरता फिरता सगळं सेसिलच्या नजरेत आलं. होडीचा मधला भाग, दोरीची आख्खी कमान, फेकणाऱ्याच्या हातातून सुटलेला चेंडू. अगदी तोच कोन, अगदी तेवढीच वाकडी. दीड वर्षं रोज ज्या कोनाला त्यानं आईबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या, तोच. चेंडू उजव्या अंगाला आला. त्यानं कंबर पिरगाळून तो झेलला, कारण त्याची कंबर त्याच पिरगाळण्याला शिकली होती.

दोर बांधला. तार वर गेली. जहाज सुखरूप आत शिरलं. ओस्मार वल्ही टेकवून बसला होता.

"पण काका," तो म्हणाला, "तुम्हीच तर लिहून दिलं होतं ना..."

"गप्प बस," सेसिल म्हणाला.

भिंतीवर सगळ्यांनी ऐकलं होतं. होडी काठाला लागली तेव्हा मित्सिलाबाई वाट पाहत उभ्या होत्या. त्या त्याच्या डाव्या बाजूला गेल्या आणि त्यांनी आपली टोपी त्याच्या गालाजवळून फिरवली. सेसिल समोर बघत राहिला. त्याची पापणीही हलली नाही.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

त्यानं सांगितलं.

"माझी माणसं त्या पाण्यावर असतात, ग्रेनाल्ड. ओस्मारला दोन मुलं आहेत." त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "आब्रेगोला माहीत होतं? नीट उत्तर दे. त्याला माहीत असून त्यानं लपवलं असेल, तर शेड नाही, त्याला मी घरीच बसवणार."

सेसिलला आयुष्यात पहिल्यांदा जीभ टाळ्याला लावायच्या आधी विचार करावा लागला. खरं सांगितलं तर नेमेसियोवरचा डाग जाईल आणि नोकरीही जाईल. खोटं सांगितलं तर नोकरी राहील आणि डाग जन्माचा.

"त्याला काही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तो नुसताच वाकडा माणूस आहे."

आजूबाजूच्या लोकांनी ते ऐकलं. दुपारच्या जेवणापर्यंत ते शेडमधेही पोचलं.

आणि शेडमधेच सेसिललाही पाठवलं, दुसरीकडे कुठे पाठवणार? आठवड्यानंतर, डॉक्टरांचा शिक्का बसल्यावर. तिथं ओल्या तागाचा आणि चिखलाचा वास भरून राहिलेला. एका लांब बाकावर नेमेसियो बसला होता, मांडीवर दोर घेऊन ब्रशनं घासत. बाकावर त्याच्या डावीकडे बरीच जागा होती. सेसिल तिथं बसला. नेमेसियो त्याच्या उजव्या हाताला आला, नीट दिसेल असा. त्यानंही एक दोर आणि ब्रश ओढून घेतला.

"कोंपादरे," सेसिल म्हणाला. दोन वर्षांत तो शब्द तोंडात आला नव्हता, त्याला गंज चढला होता. "सांगायचं होतंस रे मला."

"काय सांगायचं? आंधळा झालायस म्हणून? एकदा विचारलं होतं. एक दात गेला."

"मग असं दीड वर्ष कशाला..."

"तुझ्यासाठी नाही." नेमेसियोचा ब्रश थांबला नाही. "गैरसमज करून घेऊ नकोस. दालिस आली होती घरी. रडत होती. पपा होडी सोडणार नाहीत, धर्मबाप, तुम्ही त्यांना पाण्यात पडू देऊ नका म्हणाली. पोरीला तोंडावर नाही म्हणता येत नाही मला. तुला आलं असतं."

सेसिलनं दोर हातात घट्ट धरला. "मी बाईंना खरं सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. म्हणून तसं म्हणालो. वाकडा माणूस वगैरे."

"ऐकलं मी."

"तुला वाचवायला म्हणालो."

"हो का?" नेमेसियो पहिल्यांदा त्याच्याकडे वळला. "सव्वीस वर्षं मी या पाण्यावर काढली. वल्हवण्यात नाव होतं माझं. आता सगळे म्हणतात, तो आब्रेगो, सूडापोटी जोडीदाराला जहाजाखाली घालायला निघाला होता. माझा थोरला मुलगा पेद्रो मिगेलला कामाला आहे. त्याला तोंडावर म्हणतात. मी कोणाला सांगू, कोंपादरे? सांगितलं तर घरी बसेन. नाही सांगितलं तर हे ऐकत मरेन. चांगलं वाचवलंस."

"मी माफी मागतो."

"माग."

"मागतो म्हटलं ना! सगळ्यांसमोर मागतो, पाया पडतो, काय करू सांग!"

नेमेसियोनं आपला दोर गोळा केला, ब्रश आणि बादली उचलली आणि तो उठला. सेसिलला वाटलं तो बाहेर निघाला. पण तो बाकाला वळसा घालून त्याच्या मागून गेला, पाण्याची बादली ठेवल्याचा आवाज आला आणि तो डाव्या बाजूला बसला. सेसिलच्या नजरेतून तो एकदम गेला. फक्त ब्रश घासल्याचा आवाज येत राहिला, अगदी हाताच्या अंतरावरून, दिवसभर.